बूटशेठचा लांबलेला मुक्काम

बूटशेठना त्यांच्याच दुकानातला बूट चावला, हे बाजारपेठेत कळलं असतं तर त्यांना शटर ओढून गाव सोडावं लागलं असतं. नशीब की बाजारपेठ पार डोंगरांच्या पलीकडे राहिली होती. इथे, वाटेवरच्या या लहानशा गावात, विश्रामगृहाच्या वरच्या मजल्यावर पडलेल्या त्यांच्या टाचांची हकिगत फक्त दोघींना ठाऊक होती. एक त्यांची बायको आणि दुसरी दवाखान्यातली नर्स.

आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकांना एकच मंत्र दिला होता. "डोंगरात जायचंय ना? मग बूट महिनाभर आधी घ्या. घरात घाला, बाजारात घाला, जेवायला बसाल तेव्हाही घाला. पायाची आणि बुटाची नीट ओळख होऊ दे, मग खुशाल डोंगर चढा." आणि स्वतः? स्वतः शेठनी वाट सुरू होते तिथल्या पाटीखाली उभं राहून कोरं करकरीत खोकं फोडलं, आतला कागद काढला, नव्या चामड्याचा वास छाती भरून घेतला आणि पाय आत घातले. बुटांच्या दुकानदाराने जुने बूट घालून फिरायचं म्हणजे काय! दुकानाची काही इज्जत आहे की नाही? बायको म्हणाली होती, "अहो, ते जुनेच घाला." त्यावर शेठ म्हणाले होते, "तू मला बुटांचं सांगणार?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाणाला निदान फोड तरी येत नाहीत. शेठना आले, फुटले, त्यावर परत आले. मग लंगडत चालताना डावा घोटा मुरगळला, आणि बायकोच्या खांद्यावर हात टाकून ते या गावात पोचले.

नर्सने पाय पाहिले, बूट पाहिले, मग पुन्हा पाय पाहिले. "काका, वाचता येतं ना? बुटाच्या खोक्यावरच लिहिलेलं असतं, आधी घालून सैल करा म्हणून."

"मी जरा घाईत होतो," शेठ म्हणाले. धंदा काय करता, हे तिने विचारलं नाही, याबद्दल त्यांनी तिचे मनोमन आभार मानले. 'काका' मात्र लागलं.

"आता घाई करू नका. आठवडाभर पडून राहायचं. त्यानंतर बघू."

आता ही वाट काही शेठची नव्हती. वाट होती बाईंची. बाई म्हणजे शेठची बायको. शाळेत भूगोल शिकवायच्या, त्यामुळे अख्खी आळी त्यांना बाई म्हणायची आणि हळूहळू शेठच्या मनातही त्यांचं तेच नाव पडलं. दर वर्षी फळ्यावर त्या हीच डोंगररांग काढायच्या, तपकिरी खडूने, आणि मधोमध खिंडीची खूण करायच्या. पोरांना सांगायच्या, "इथून मी एकदा जाणार आहे." पोरं मोठी झाली, त्यांची पोरं बाईंच्या वर्गात आली, आणि बाई अजून जाणारच होत्या. आधी लेकीचं शिक्षण, मग सासूबाईंचं आजारपण, मग दुकानाचा दुसरा मजला, मग लेकीचं बाळंतपण. दर वेळी कारण अगदी खरं होतं. शेवटी बाई निवृत्त झाल्या आणि म्हणाल्या, "मी निघाले." तेव्हा शेठनी घरच्या ग्रुपवर टाकलं, "मी हिला डोंगरात घेऊन चाललोय." जावयाने अंगठा पाठवला. लेकीने हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चार चेहरे पाठवले. त्याचा अर्थ शेठना तेव्हा कळला नव्हता.

आणि खिंड आता समोर होती, या गावाच्या डोक्यावर. पण ती कुणासाठी थांबत नसते. एकदा बर्फ पडायला लागलं की थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद. विश्रामगृहाच्या मालकीणबाई रोज सकाळी अंगणात उभ्या राहून वर बघत आणि म्हणत, "अजून उघडी आहे हो. पण भरवसा नाही." हे त्या कुणाला उद्देशून म्हणत नसत, पण बाई खिडकीत उभ्या राहून कान देऊन ऐकत.

"तुम्ही बरे व्हा आधी," बाई शेठना म्हणत. "मग बघू खिंडीचं."

तर शेठ बरे व्हायला लागले. आणि बरं होणं त्यांना फारच मानवलं. सकाळी जाडजूड रजई, मग पाव आणि लोणी, मग कोमट मिठाच्या पाण्याची बादली, तिच्यात दोन्ही पाय. दुपारी सूप. सूप झालं की पुन्हा रजई. चार वाजता खालच्या बैठकीत शेगडीशेजारची खुर्ची, जी आता सगळ्यांनी शेठचीच मानली होती. संध्याकाळी वाटेवरून नवे प्रवासी लंगडत, धापा टाकत आत आले की शेठ बादलीत पाय ठेवून त्यांच्या बुटांकडे बघत.

"नवे दिसतायत," ते मान हलवत म्हणत.

"हो, मागच्याच आठवड्यात घेतले," तो बिचारा म्हणे.

"छे छे छे. नव्या बुटांनी कुणी डोंगर चढतं का?"

आणि त्या बिचाऱ्याला ते पंधरा मिनिटं व्याख्यान देत. चामडं कसं मऊ करावं, नाडी कुठे सैल सोडावी, दोन मोजे का घालावे. लोक ऐकून घेत, आभारही मानत. एका बाईने तर विचारलं, "तुमच्या पायाला काय झालं मग?" शेठ म्हणाले, "जुनं दुखणं आहे." वा, शेठ, वा! इतकं सफाईदार खोटं तर दुकानात सेलच्या दिवसांतही बोलला नव्हतात.

आठवडा संपायच्या आतच टाचा भरून आल्या. घोट्याची सूज उतरली. एका सकाळी बाई बाहेर गेल्यावर शेठ सहज उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले, आणि मध्येच थबकले. काहीच दुखत नव्हतं. त्यांनी उडी मारून पाहिली. खालून मालकीणबाईंनी आवाज दिला, "भाऊ, पडलात का?" "नाही नाही, पुस्तक पडलं!" शेठ ओरडले आणि पटकन रजईत शिरले.

त्या दिवसापासून लंगडणं सुरू झालं. म्हणजे आधी पाय लंगडत होता, आता शेठ लंगडू लागले.

कारण विचाराल तर तेही सांगायला हवं. गावात पोचायच्या आदल्या दिवशी वाटेत एक धार लागली होती. दोन्ही बाजूंना खोल दरी आणि मधून हातभर वाट. बाई पुढे झपाझप निघून गेल्या. शेठ मध्यावर पोचले आणि त्यांच्या गुडघ्यांनी जाहीर केलं की आम्ही आता पुढे येत नाही. शेठ खाली बसले, आणि बसल्या बसल्याच, लहान मूल जिना उतरतं तसे, इंचइंच सरकत पलीकडे गेले. विजारीचा मागचा भाग फाटला. खिंडीपुढे अशा तीन धारा आहेत, असं नकाशात होतं. ग्रुपवर 'घेऊन चाललोय' लिहिणाऱ्या माणसाने आता बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं, की बाई गं, मला भीती वाटते? त्यापेक्षा घोटा बरा. घोट्याला कुणी भित्रा म्हणत नाही.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. लंगडण्याचं तर फारच सोपं. बाई खोलीत आल्या की पलंगाचा कठडा धरायचा, उठताना 'आई गं' म्हणायचं, पायऱ्यांवर एकेक पाऊल टाकायचं. बाई काही बोलत नसत. रोज सकाळी लवकर उठून "वाचनालयात बसते जरा" म्हणून जात आणि दुपारी सुपाच्या वेळेला येत. गाल लाल झालेले असत. डोंगरातली हवा मानवली हिला, शेठ समाधानाने म्हणत. शिवाय वाचनालयात बसायला मिळतंय, म्हणजे तिचीही काही गैरसोय नाही. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला काहीही पुरतं.

पण चोराच्या मनात चांदणं. एके दिवशी बादलीत पाय सोडून बसलेले असताना शेठच्या डोक्यात एक भयंकर विचार आला. बुटांचं काय? जो पाय दुखतो तो माणूस फरफटत टाकतो, त्यामुळे त्या बुटाच्या टाचेची बाहेरची कड आधी झिजते. धंद्यात शेठनी असे हजारो तळ पाहिले होते. नुसता तळ बघून ते सांगत, की हा माणूस उजवीकडे कलतो, ही बाई घाईत चालते, याचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आणि त्यांचे स्वतःचे बूट खाली अंगणातल्या फळीवर, सगळ्यांच्या नजरेसमोर, तळ उताणे करून वाळत ठेवलेले! दोन्ही टाचा अगदी सारख्या, कोऱ्या. कुणी पाहिलं तर?

कोण बघणार, हा प्रश्न शेठना शिवला नाही. त्यांच्या लेखी जगात माणसं भेटली की आधी एकमेकांचे तळ बघतात.

तेव्हा त्या दिवशी, सूप यायला अजून वेळ आहे असं पाहून, शेठ अनवाणी अंगणात उतरले. उतरताना कुणी नव्हतं म्हणून लंगडले नाहीत. फळीवरून डावा बूट उचलला आणि नळाशेजारच्या खरबरीत दगडावर त्याची टाच घासायला बसले. चांगली मेहनत घेतली. बाहेरून आत, बेताबेताने, नैसर्गिक वाटावी अशी झीज. चार वेळा उजेडात धरून पाहिलं. मनात थोडा अभिमानसुद्धा वाटला.

बूट परत ठेवताना हात सवयीने शेजारच्या जोडाकडे गेला. बाईंचे बूट. शेठनी ते उलटे केले, कारण त्यांना बूट दिसला की उलटा करावाच लागतो. तळाच्या खाचांमध्ये लाल खडे घट्ट बसले होते. बारीक, टोकदार, ओलसर. गावात सगळीकडे करडा दगड. रस्ता करडा, वाचनालयाच्या पायऱ्या करड्या. लाल माती फक्त वर दिसायची, पार वर, खिंडीच्या तोंडाशी, खोलीच्या खिडकीतून दिसणारा तो तांबडा पट्टा. आणि टाचांच्या मागच्या कडा ताज्या झिजलेल्या. खूप उतार उतरलेल्या माणसाच्या टाचा तशा झिजतात. रोजच्या रोज उतरलेल्या.

शेठ परत दगडावर बसले. म्हणजे ही रोज वर जाते. खिंडीपर्यंत चढते, तिथे उभी राहते, आणि परत येते. परत कशासाठी? तर मला सूप मिळावं म्हणून. नाही, सूप मालकीणबाई देतात. मी वर एकटा पडून असतो म्हणून. आणि मी काय करतोय? मी दगडावर टाच घासतोय. शेठना आपली स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

"काय करताय?"

बाई मागे उभ्या होत्या. पायांत दुसरेच बूट, मालकीणबाईंचे रबरी. आज अंगण ओलं होतं, म्हणून त्या नुकत्याच आपले बूट फळीवर ठेवून आत गेल्या असणार.

"बूट घासतोय," शेठ म्हणाले. खोटं सुचायला वेळच मिळाला नाही.

"स्वच्छ करताय?"

"नाही. लंगडणाऱ्या माणसाची टाच बाहेरून झिजते. माझी झिजली नव्हती."

बाईंनी फळीवरच्या त्यांच्या बुटाची घासलेली टाच पाहिली. मग त्यांना हसू फुटलं. हसता हसता त्या फळीवरच बसल्या, पोट धरलं, पदराने म्हणावं तर पदर नव्हता म्हणून स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. "अहो, पण बघणार कोण होतं?"

"कुणीही," शेठ म्हणाले, आणि ते ऐकून बाई पुन्हा हसायला लागल्या. शेठनाही हसावं लागलं. स्वतःवर हसण्याची ही चांगली संधी दवडण्यात अर्थ नव्हता.

मग हसू ओसरलं. शेठनी बाईंचा बूट पुढे केला. "आणि हे खडे? वाचनालयात सांडले होते का?"

बाईंनी बूट हातात घेतला. "वर दगडांची एक रास आहे, अगदी माथ्यावर," त्या म्हणाल्या. "तिथवर जाते. पलीकडचं खोरं दिसतं. मी फळ्यावर काढायची ना, तसं अजिबात नाही. नदी उलट बाजूला वळते. इतकी वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं."

"मग उतरायचंस ना पलीकडे!"

"उतरले असते तर परत कशी आले असते? तुम्ही इथे."

"मी काय, मी तर ठणठणीत आहे!" हे वाक्य तोंडातून गेल्यावर शेठनी जीभ चावली.

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. आता त्या अजिबात हसत नव्हत्या. "उडी मारलीत ना, त्या दिवशी मी जिन्यातच होते. पुस्तक पडलं म्हणे! तुम्ही पुस्तक हातात कधी धरलंत? अहो, मला फार राग आलाय. सांगूनच टाकते. मला वाटलं, आज म्हणतील, उद्या म्हणतील. स्वतःहून म्हणतील, तू जा. मी विचारलं असतं तर तुम्ही 'हो' म्हणाला असतात, मला ठाऊक आहे. पण आयुष्यभर मीच विचारत आले. सासूबाईंना बरं वाटल्यावर जाऊ का, दुकानाचं झाल्यावर जाऊ का. मला एकदा न विचारता मिळायला हवं होतं."

अंगणात नळ ठिबकत होता.

"मला त्या धारेची भीती वाटते," शेठ म्हणाले. "पायांत काही राहत नाही. मी त्या दिवशी बसून सरकत आलो."

"माहीत आहे. म्हणून तर मी मागे वळून पाहिलं नाही."

हे ऐकून शेठना रडूच आलं असतं, पण तेवढ्यात मालकीणबाई सुपाचं पातेलं घेऊन दारात आल्या, वर आभाळाकडे पाहिलं आणि कुणालाच उद्देशून नाही अशा सुरात म्हणाल्या, "उद्या उघडी आहे. परवाचं काही खरं नाही."

"तू जा," शेठ म्हणाले. "उद्या जा. मी बसने वळसा घालून पलीकडच्या गावात येतो." म्हणायला किती सोपं होतं!

बाईंनी मान डोलावली आणि लगेच आत जाऊन पिशवी भरायला घेतली. इतक्या लगेच, की शेठना जरा लागलंच.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेठची अवस्था काही विचारू नका. प्रत्येक वळणावर ते खिडकीतून वर बघत, आणि वर ढग दिसला की शेजारच्याला विचारत, अजून किती वेळ? पलीकडच्या गावात उतरल्या उतरल्या त्यांनी वाटेच्या तोंडाशी असलेला बाक पकडला. त्यावर बसून त्यांनी बाईंना दरीत पाडलं, धुक्यात हरवलं, पाय मोडून दगडाखाली झोपवलं, एवढंच काय, मनातल्या मनात लेकीला फोन करून ती बातमीसुद्धा सांगितली. मग स्वतःलाच झापलं. नंतर पुन्हा पहिल्यापासून सुरू. वरून येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, "एक बाई दिसल्या का? स्वेटर घातलेल्या?" वर सगळ्यांनीच स्वेटर घातलेले होते. शेवटी बसवेना म्हणून ते वाटेने वर चढू लागले. घोटा कुरकुरला, त्यांनी त्याला शिवी घातली. पहिली धार जिथे लागते तिथे येऊन थांबले. माघारी मात्र वळले नाहीत. दरीकडे न बघता एका झाडाचं खोड धरून उभे राहिले आणि समोर बघत राहिले.

उन्हं कलली तेव्हा धारेवरून एक आकृती येताना दिसली. आरामात. मध्येच थांबून खाली दरीत डोकावणारी. ती जवळ आली तेव्हा दिसलं, चेहरा उन्हाने रापलेला, केस विस्कटलेले, आणि डोळे असे, की शेठनी ते असे कधी पाहिले होते ते त्यांना आठवेना. त्यांनी बोलायला पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही.

"कसं झालं?"

"अहो," बाई धापा टाकत म्हणाल्या, "दिवसभरात मला तुमची एकदाही आठवण आली नाही!"

हे त्यांनी असं सांगितलं, की जणू वर काहीतरी सापडलं आणि ते दाखवायला आणलं. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला. शेठना लागलं. खोटं कशाला बोला, चांगलंच लागलं. दिवसभरात इकडे यांनी तिचं तेरावंसुद्धा उरकलं होतं, आणि तिकडे यांचा पत्ताच नव्हता. पण तिचे ते डोळे पाहिले आणि त्यांना वाटलं, हेच तर आणायला ती वर गेली होती. इतकी वर्षं आपण तिच्या डोक्यात किती जागा अडवून बसलो होतो, त्याची शेठना तिथे, त्या झाडाला मिठी मारून उभं असताना, पहिल्यांदा कल्पना आली.

"छान झालं," ते म्हणाले. त्यांनी झाड सोडलं आणि तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

दोघं उतरायला लागले. थोडं अंतर गेल्यावर बाई म्हणाल्या, "उद्याचा टप्पा लांब आहे. पण धार नाही, सगळी सपाटी. तुम्हाला जमेल."

शेठनी वाटेकडे पाहिलं. खरंच जमलं असतं. टाचा बऱ्या होत्या, बूट आता कुठे ओळखीचे झाले होते.

"तू चाल," ते म्हणाले. "मी बसने पुढे जातो. रोज मुक्कामाला असेन."

बाईंनी आग्रह केला नाही. अगदी वरवरचासुद्धा नाही.